हा विषय समाजकल्याणचा

समाजकल्याण खात्याचा इतिहास सांगायला बसलं की योजनांची नावं पुढे येतात: शिष्यवृत्ती, वसतिगृह, घरकुल, निराधार, बीजभांडवल. यादी खरी आहे, पण तिच्यातून खातं कळत नाही. महाराष्ट्रातलं हे खातं कळायचं तर १९२८ सालापर्यंत मागे जावं लागतं. अस्पृश्य, आदिवासी आणि भटक्यांच्या बाबतीत बाकीची सरकारी खाती आपलं काम करतात की नाही, हे बघायला हे खातं निघालं. वाटपाचं काम त्याच्याकडे नंतर आलं, आणि ते वाढत गेलं तसं बघण्याचं काम मागे पडलं. पुढच्या नव्वदेक वर्षांत जे बिघडलं त्याचं मूळ मला इथे दिसतं.

नोव्हेंबर १९२८ मध्ये मुंबई सरकारने ओ. एच. बी. स्टार्ट या आयसीएस अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर, डॉ. पी. जी. सोळंकी आणि अमृतलाल ठक्कर, म्हणजे ठक्करबाप्पा, हे तिघेही तिच्यात होते. मार्च १९३० मध्ये अहवाल आला. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करणारा बोले ठराव मुंबई कायदे मंडळात १९२३ सालीच झाला होता, तरी १९२७ साली महाडला चवदार तळ्यावर काय घडलं ते सर्वांसमोर होतं. म्हणजे कागदावरचा हक्क आणि गावातला हक्क यांच्यातलं अंतर समितीला ठाऊक होतं. मागासांचे तीन गट तिने पाडले: अस्पृश्य, आदिम व डोंगरी जमाती, आणि इतर मागास. आजच्या कुठल्याही सरकारी अर्जातला प्रवर्गाचा रकाना बघितला तर ती विभागणी अजून ओळखू येते.

या अहवालातला एक भाग वाचताना आजही थांबायला होतं. समिती म्हणते की आम्ही उपाय सुचवले आहेत खरे, पण हे लोक आपले हक्क वापरू लागतील तेव्हा दीर्घकाळ अडचणी येतील. पहिली भीती उघड मारहाणीची. गावात ते थोडे, आणि सवर्ण बहुसंख्य. त्यांच्यातले कोणी सवर्णांच्या शेतावर कूळ, कोणी मजूर, कोणी गावकामगार. त्यामुळे जमीन काढून घेता येते, मजुरी बंद करता येते, बलुतं थांबवता येतं. त्यावर बहिष्कार: रस्ता अडवायचा, दुकानदाराने मीठमिरची द्यायची नाही. आणि कारण किती क्षुल्लक पुरतं, तेही समितीने नोंदवलं आहे. विहिरीवर पाणी भरलं, जमीन विकत घेतली, चांगले कपडे घातले, नवऱ्यामुलाला घोड्यावर बसवून रस्त्याने वरात काढली, एवढं पुरेसं होतं. बाबासाहेबांनी हाच उतारा पुढे गोलमेज परिषदेत अल्पसंख्याकांच्या संरक्षणाची मागणी मांडताना पुराव्यादाखल दिला.

ज्या सरकारी समितीला एवढं दिसलं होतं, तिने सुचवलेला अधिकारीही त्याच तोलाचा होता. मागासवर्ग अधिकारी हे पद निर्माण करावं, शाळाप्रवेश, पाणवठे, सरकारी नोकरी, जमीन या बाबतींत सरकारी आदेश पाळले जातात का ते त्याने पाहावं, अशी कल्पना होती. तीसच्या दशकाच्या सुरुवातीला असं खातं उभं राहिलं, पुण्याला. आयुक्तालय आजही पुण्यातच आहे, चर्च रोडवर. मंत्रालय मुंबईत आणि अंमलबजावणीचं डोकं पुण्यात, ही सोय तेव्हापासूनची.

या जन्माला एक काळी बाजूही आहे. स्टार्ट यांचा आधीचा अनुभव ‘गुन्हेगार जमातीं’च्या वसाहतींचा. १८७१ च्या कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं होतं. सोलापूरच्या वसाहतीला काटेरी तारेचं कुंपण होतं, आतल्या माणसांची हजेरी घेतली जाई, आणि त्यांना गिरणीत कामाला पाठवलं जाई. ज्या यंत्रणेने माणसं तारेत ठेवली, तिच्यातूनच त्यांच्या कल्याणाची यंत्रणा निघाली. मुंबई राज्याने तो कायदा १९४९ साली रद्द केला, देशभरात तो ३१ ऑगस्ट १९५२ पासून संपला. भटके-विमुक्त हा दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. कायदा गेला, पण अर्जदाराकडे संशयाने बघायची सवय कार्यालयांतून तेवढ्या लवकर गेली नाही. जातपडताळणीच्या टेबलासमोर उभ्या असलेल्या पारधी किंवा कैकाडी मुलाला ती अजून जाणवते.

देखरेखीकडून वाटपाकडे जाण्याचा रस्ता चांगल्या हेतूंनीच तयार झाला. ऑक्टोबर १९४२ मध्ये बाबासाहेबांनी व्हाइसरॉयना दिलेल्या निवेदनानंतर अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली. स्वातंत्र्यानंतर वसतिगृहं, आश्रमशाळा, अनुदानं वाढत गेली. १९५७ मध्ये समाजकल्याण संचालनालय आलं. मग १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि कामाची वाटणी झाली, ती आजही सामान्य माणसाला चक्रावून टाकते. जिल्ह्यात समाजकल्याणचे दोन साहेब असतात. एक जिल्हा परिषदेतला जिल्हा समाजकल्याण अधिकारी, दुसरा राज्य शासनाचा सहायक आयुक्त, जो बहुतेक जिल्ह्यांत सामाजिक न्याय भवनात बसतो.

कोणाकडे काय, हे एकदा स्पष्ट लिहिलेलं बरं. संस्थांची अनुदानित वसतिगृहं, पाचवी ते दहावीच्या मुलींची सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती, वस्ती विकासाची कामं आणि जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नातला २० टक्के मागासवर्गीय निधी हे जिल्हा परिषदेकडे. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, सरकारी वसतिगृहं, वसतिगृहात जागा न मिळालेल्यांची स्वाधार योजना, शेतजमीन योजना, ॲट्रॉसिटीच्या गुन्ह्यातलं अर्थसहाय्य हे सहायक आयुक्तांकडे. निराधारांचं अनुदान तहसीलदाराकडे. कर्जं महामंडळांकडे, त्यांची कार्यालयं पुन्हा वेगळी. चुकीच्या दारात दिलेला अर्ज योग्य दारात पाठवायची जबाबदारी कोणी घेत नाही. तो परतही येत नाही, आवक क्रमांक घेऊन पडून राहतो. म्हणून अर्ज देताना पोच घ्यावी आणि पोचेवर कार्यालयाचा शिक्का नीट उमटलाय ना, ते बघावं.

जसजशी कामं वाढली तसतशी खात्याला फांद्या फुटल्या आणि त्या तुटून वेगळ्या झाल्या. १९७२ मध्ये आदिवासींसाठी वेगळं संचालनालय आलं आणि २२ एप्रिल १९८३ पासून आदिवासी विकास हा स्वतंत्र विभाग झाला. नव्वदच्या दशकात महिला व बालविकास गेला. २००८ मध्ये अल्पसंख्याक विकास विभाग आला. २०१७ मध्ये विमुक्त, भटके आणि इतर मागासांचा विभाग वेगळा निघाला. ३ डिसेंबर २०२२ ला दिव्यांग कल्याण विभाग आला. मधल्या काळात समाजकल्याणला सांस्कृतिक कार्य आणि क्रीडा हे विषयही जोडून दिलेले होते. त्या वर्षांचे शासन निर्णय काढून बघितले तर एकाच शीर्षावर वसतिगृह आणि क्रीडा स्पर्धा दोन्ही सापडतात. आज उरलेल्या भागाचं नाव सामाजिक न्याय व विशेष सहाय्य विभाग.

प्रत्येक समूहाला स्वतःचा विभाग हवा, ही मागणी रास्त होती. आदिवासींचे प्रश्न जंगल आणि जमिनीचे, ते वसतिगृहाच्या टेबलावरून सुटणारे नव्हते. पण प्रत्येक नव्या विभागाबरोबर एक वाईट सवय पक्की झाली. शिक्षण खात्यात अनुसूचित जातीच्या मुलीची गळती वाढली, की टिपणीवर शेरा पडतो: हा विषय समाजकल्याणचा. वस्तीत पाणी येत नाही, पाणीपुरवठ्याचा शेरा तोच. बँक कर्ज नाकारते तेव्हाही तेच. ज्या खात्याने या सगळ्यांना जाब विचारायचा, त्याच्याच दारात सगळे आपापला विषय सोडून गेले. त्याच्याकडे ना अभियंते, ना पुरेसे शिक्षक, ना तलाठी.

वस्ती विकासाचं उदाहरण घेऊ. दलित वस्ती सुधार योजना १९७४ पासूनची. डिसेंबर २०११ च्या निर्णयात लोकसंख्येप्रमाणे रक्कम ठरली: १० ते २५ लोकवस्तीला २ लाख, ३०० च्या पुढे २० लाख. पाच वर्षांचा बृहत् आराखडा ग्रामपंचायतीने करायचा, जिल्हा परिषदेने मंजूर करायचा. बिघडतं ते आराखड्यात. तिथे हमखास सिमेंटचा रस्ता येतो, कारण त्याचं मोजमाप सोपं आणि बिल लवकर निघतं. गटार मागे राहतं, कारण त्याला उतार बघावा लागतो आणि पाणी शेवटी कोणाच्या तरी शेताकडे न्यावं लागतं. मग पावसाळ्यात रस्ता उंच आणि घरं खाली. आणि कधी रस्ता वस्तीच्या नावावर मंजूर होऊन गावाच्या मुख्य गल्लीत पडतो. आराखड्याचा ठराव ग्रामसभेत वाचला जाताना वस्तीतल्या चार माणसांनी तरी हजर राहून कामाची जागा, लांबी आणि गट क्रमांक लिहून घ्यावा. नंतर तक्रार करायला तेवढाच आधार उरतो. डिसेंबर २०२० मध्ये राज्याने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. तो योग्यच होता, आणि गटाराचं काम त्याच्याइतकंच निकडीचं आहे.

खात्याच्या इतिहासातली सर्वांत मोठी खोच १९६० ते १९९० ही तीस वर्षं. १९५६ साली लाखो लोकांनी नागपुरात बौद्ध धम्म स्वीकारला आणि अनुसूचित जातींच्या राष्ट्रपती आदेशानुसार ते यादीबाहेर गेले. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० साली राज्याने आपल्या सवलती नवबौद्धांना लागू केल्या. केंद्राने तेच करायला १९९० साल उजाडलं. मधली तीस वर्षं एकच मुलगा राज्याच्या वसतिगृहात मागासवर्गीय आणि केंद्राच्या नोकरीत खुला. शासन निर्णयांत ‘अनुसूचित जाती व नवबौद्ध’ ही जोडी दिसते ती यामुळे. आणि या खोचेचा त्रास संपलेला नाही. धर्मांतरानंतर अनेक कुटुंबांनी शाळेत नुसतं ‘बौद्ध’ लिहिलं, अभिमानाने लिहिलं. आज जातीचा दाखला काढताना धर्मांतरापूर्वीची जात दाखवणारी नोंद मागतात, आणि ती आजोबांच्या कागदातच मिळते.

दाखल्याचा विषय निघालाच आहे तर तो पूर्ण सांगायला हवा, कारण खात्याचं दार इथे उघडतं किंवा बंद होतं. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली माधुरी पाटील खटल्यात पडताळणी समित्या आणि दक्षता पथक यांची चौकट घालून दिली. राज्याचा कायदा २००१ चा क्रमांक २३, नियम २०१२ चे. जातीचा दाखला देतो प्रांत, म्हणजे उपविभागीय अधिकारी. अनुसूचित जमाती सोडल्या तर त्याची वैधता तपासते जिल्हा समिती. पूर्वी राज्यभरात अशा १५ समित्या होत्या, पुढे प्रत्येक जिल्ह्याला एक झाली.

दाखला कुठून काढायचा हे कुटुंब मानीव दिनांकाला, म्हणजे त्या प्रवर्गासाठी ठरवून दिलेल्या तारखेला, कुठे राहत होतं त्यावर ठरतं. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. पुरावा त्या तारखेच्या आधीचा असला तर सर्वांत बळकट. आजोबांच्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, गाव नमुना १४ म्हणजे कोतवाल बुकातली जन्ममृत्यूची नोंद, जुने फेरफार. वैधतेच्या अर्जासोबत नमुना ३ आणि नमुना १७ ची शपथपत्रं लागतात, वंशावळ पहिल्यात येते. वडिलांच्या रक्ताच्या नात्यातल्या कोणाची वैधता आधी झाली असेल तर तिची प्रत पहिल्या पानाला लावावी.

अडतं कुठे? जुन्या नोंदी मोडीत असतात, मराठवाड्यात उर्दूत. लिप्यंतर जाणकाराकडून प्रमाणित करून न्यावं लागतं. शाळा बंद पडलेली असते आणि तिचं रजिस्टर केंद्रशाळेत हलवलेलं असतं, पण ते मागायला कोणी सांगत नाही. आजोबा कधी शाळेतच गेलेले नसतात. १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून मुंबई-पुण्याच्या झोपडपट्टीत आलेल्या कुटुंबाला पन्नास वर्षांनी पुन्हा त्याच तालुक्याला खेटे घालावे लागतात. आडनाव एका कागदात गावावरून, दुसऱ्यात कुळावरून. भटक्यांचं तर पोर एका गावात जन्मतं, दुसऱ्यात शाळेत जातं, तिसऱ्यात दहावीला बसतं. कायद्याच्या कलम ८ प्रमाणे जात सिद्ध करायचा भार दावा करणाऱ्यावर असतो. समितीने नाकारलं तर वरचं दार थेट उच्च न्यायालयाचं, मधे अपील नाही. ज्याच्याकडे तालुक्याच्या एसटीचे पैसे मोजून असतात, त्याला वकील करून खंडपीठापुढे जायचं असतं. खोटे दाखले हुडकायला ही व्यवस्था हवी, याबद्दल वाद नाही. पण कोतवाल बुकं सरकारच्या ताब्यात, शाळांची रजिस्टरं सरकारच्या ताब्यात, आणि ती शोधून आणायची जबाबदारी मात्र अर्जदाराची, हे मला अन्यायाचं वाटतं. ती सगळी स्कॅन करून समितीपुढे ठेवणं हे काम सरकारचंच आहे.

मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीकडे वळू. उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २.५ लाख. त्यावर उत्पन्न असेल तर अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला फ्रीशिप, म्हणजे शुल्क माफ पण निर्वाहभत्ता नाही. २०१७-१८ पासून अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी या ऑनलाइन पोर्टलवर. कॉलेजचा कारकून आपल्या लॉगिनवरून तपासून पुढे पाठवतो, मग सहायक आयुक्तांकडे मंजुरी. कॉलेजच्या लॉगिनमध्ये अर्ज अडकणं हा सर्वांत नेहमीचा प्रकार. विद्यार्थ्याला वाटतं अर्ज भरला, काम झालं. कारकून बदललेला असतो किंवा अभ्यासक्रमाचं मान्य शुल्कच पोर्टलवर चढवलेलं नसतं. त्रुटी काढून अर्ज परत आला की एसएमएस येतो, तो जुन्या नंबरवर. म्हणून पोर्टलवरची स्थिती दर आठवड्याला स्वतः बघावी.

पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जातात, अर्जात लिहिलेल्या खात्यात नव्हे. दोन बँकांत खाती असतील तर शेवटी ज्या बँकेने आधार जोडून घेतलं, तिथे रक्कम पडते. शून्य शिल्लकीचं एखादं विसरलेलं खातं असेल तर शिष्यवृत्ती तिथे जाऊन बसते आणि विद्यार्थी मात्र आली नाही म्हणून कार्यालयात भांडतो.

डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने वाटा ६० टक्के केंद्र, ४० टक्के राज्य असा ठरवला. आधी राज्याने आपला भाग टाकायचा, मग केंद्राचा भाग थेट विद्यार्थ्याच्या खात्यात. पूर्वी शुल्क कॉलेजला जात असे, आता ते विद्यार्थ्याच्या हातातून जातं, तेही दोन तुकड्यांत, वेगवेगळ्या महिन्यांत. घरात आजारपण निघालं की ते पैसे खर्च होतात. कॉलेज मग निकाल किंवा शाळा सोडल्याचा दाखला अडवतं. हे नियमात बसत नाही. तरी ते चालतं, कारण कॉलेजचीही थकबाकी खरीच असते. निर्वाहभत्त्याचे आकडे बघितले तर आणखी वाईट वाटतं. सर्वांत खालच्या गटात, म्हणजे अकरावी-बारावीला, घरून जाऊन शिकणाऱ्याला वर्षाला २,५०० रुपये. महिन्याला २०८ रुपये. पदवीच्या साध्या अभ्यासक्रमाला, घरूनच, वर्षाला ३,०००.

वसतिगृहात जागा मिळाली नाही त्यांच्यासाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजना आली. मुंबई, पुणे, नागपूर अशा मोठ्या शहरांत भोजनाला ३२,०००, निवासाला २०,००० आणि निर्वाहाला ८,०००, असे वर्षाला ६०,०००. इतर महापालिका क्षेत्रांत ५१,०००, बाकी जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,०००. कल्पना उत्तम आहे, खात्याने अलीकडच्या काळात केलेल्या चांगल्या कामांत मी ती मोजते. पण घरमालक भाडं दरमहा मागतो, आणि हप्ता सत्र संपल्यावर येतो. मेसवाला दोन महिने थांबतो, तिसऱ्या महिन्यात डबा बंद करतो. वर्षाच्या शेवटी एकरकमी मिळालेले ६०,००० रुपये हे सावकाराचं किंवा मित्रांचं देणं असतं.

शेतजमिनीच्या योजनेबद्दल मला सर्वांत जास्त लिहावंसं वाटतं, कारण ती या खात्याची सर्वांत धाडसी योजना आहे. तिला नाव कर्मवीर दादासाहेब गायकवाडांचं, ज्यांनी १९५९ आणि १९६४-६५ साली भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले. २००४-०५ साली ती सुरू झाली तेव्हा निम्मं अनुदान आणि निम्मं कर्ज होतं. भूमिहीन माणूस कर्ज कसलं फेडणार. योजना अडखळत चालली. ऑगस्ट २०१८ मध्ये ती शंभर टक्के अनुदानाची झाली. दारिद्र्यरेषेखालच्या भूमिहीन अनुसूचित जातीच्या किंवा नवबौद्ध कुटुंबाला ४ एकर जिरायत किंवा २ एकर बागायत. विधवा, परित्यक्ता आणि अत्याचारग्रस्तांना प्राधान्य. किमतीची कमाल जिरायतीला एकरी ५ लाख, बागायतीला ८ लाख.

जिल्हाधिकाऱ्यांची समिती जमीन विकणाऱ्यांकडून अर्ज मागवते, तलाठी आणि तहसीलदार पाहणी करतात, नोंदणी व मुद्रांक विभाग दर सांगतो, वाटाघाटी होतात आणि मग खरेदीखत. अर्ज येतात कुठून? रस्त्याकडेच्या, कालव्याखालच्या जमिनीचा बाजारभाव या मर्यादेच्या कितीतरी वर असतो. म्हणून विकायला येते ती बहुधा मुरमाड, उताराची, वाट नसलेली जमीन. आणि चांगली जमीन आली तरी गावातलं कोणीतरी विकणाऱ्याच्या कानाशी लागतं. जमीन घेतली म्हणून बहिष्कार पडतो हे स्टार्ट समितीने लिहून ठेवलं होतं. आता विक्रीच होऊ दिली जात नाही.

ज्या कुटुंबाचं नाव यादीत आलं त्यांनी खरेदीआधी काही गोष्टी मागून घ्याव्यात. तीस वर्षांचे फेरफार काढून वारसांपैकी कोणी राहिलाय का ते बघावं. राहिलेली बहीण पाच वर्षांनी दावा लावते. सातबाऱ्यावर इतर हक्कात सोसायटीचा बोजा आहे का, भोगवटादार वर्ग १ आहे की २ (म्हणजे विकायला सरकारची परवानगी लागणारी), तेही बघावं. मोजणी खरेदीच्या आधी करून हद्दीचे दगड रोवून घ्यावेत. शेतात जायची वाट खरेदीखतात लिहून घ्यावी, ‘पूर्वापार वहिवाट’ या दोन शब्दांवर विसंबू नये. पहारीने दोन-तीन ठिकाणी खणून माती किती खोल आहे ते पाहावं. आणि विहिरीचा प्रश्न लगेच हाती घ्यावा. ही योजना जमीन देते, पाणी देत नाही. विहिरीसाठी कृषी विभागाची डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना आहे, तिला किमान ०.४० हेक्टर जमीन लागते, ती अट इथे पुरी होते. पण सामाजिक न्यायच्या यादीतलं नाव आपोआप कृषीच्या यादीत जात नाही. माणसाला पुन्हा नव्याने अर्ज, नव्याने दाखले. या दोन खात्यांनी एकमेकांना यादी पाठवली असती तर कितीतरी रानं पहिल्याच वर्षी भिजली असती.

निराधारांच्या अनुदानाबद्दल एवढंच. संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० ची, २०२३ मध्ये रक्कम महिना १,५०० रुपये झाली. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत हवं. २०२४-२५ मध्ये राज्यातली रोजगार हमीची मजुरी २९७ रुपये होती. म्हणजे घरातल्या एका माणसाला वर्षात ७१ दिवस काम मिळालं की विधवा आई अपात्र. ही मर्यादा पाळून खरा दाखला देता येत नाही, हे तहसीलमधल्या प्रत्येकाला माहीत आहे. त्यामुळे दाखला कोणाला द्यायचा हे गरजेवर न ठरता ओळखीवर ठरतं. मर्यादा बदलणं हा एका शासन निर्णयाचा प्रश्न आहे.

आता पैशाबद्दल. १९८० च्या आसपास केंद्राने विशेष घटक योजनेचं धोरण आणलं: राज्याच्या योजना खर्चातला अनुसूचित जातींच्या लोकसंख्येइतका हिस्सा त्यांच्यासाठी वेगळा ठेवायचा. महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेनुसार हे प्रमाण ११.८ टक्के. या धोरणात देखरेखीची जुनी कल्पना परत आली होती; पैसा प्रत्येक खात्याने काढायचा, समाजकल्याणने तो कुठे गेला ते बघायचं. प्रत्यक्षात तरतूद होते आणि निधी सोडला जातो मार्च जवळ आल्यावर. मग घाईघाईत होण्यासारखी खरेदी होते आणि उरलेलं ३१ मार्चला परत जातं. जमीन खरेदीसारखी आठ-दहा महिने चालणारी कामं या वेळापत्रकात बसतच नाहीत. त्यात वळतं करणंही आहे. मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी ३० लाख रुपये लाडकी बहीण योजनेकडे वळवले गेले. त्या योजनेचा लाभ अनुसूचित जातींच्या बायकांनाही मिळतो हा युक्तिवाद मला पटत नाही. त्यांना तो नागरिक म्हणून सामान्य निधीतून मिळायलाच हवा, त्यांच्या मुलांच्या वसतिगृहाच्या पैशातून नव्हे.

यावर उपाय कायद्याचा आहे आणि तो इतर राज्यांनी करून पाहिला आहे. आंध्र प्रदेश आणि कर्नाटकाने २०१३ साली उपयोजनेचे, म्हणजे या वेगळ्या ठेवायच्या हिश्श्याचे, कायदे केले, तेलंगणने २०१७ साली, राजस्थानने २०२२ साली. महाराष्ट्रात ही मागणी जुनी आहे. कायदा करताना कर्नाटकाचा अनुभव मात्र बारकाईने वाचायला हवा. तिथल्या कायद्यात कलम ७(ड) होतं: रस्ते, धरणं अशा सर्वांसाठीच्या कामांवरच्या खर्चाचा काही भाग उपयोजनेचा मानता येईल. त्या एका पोटकलमातून दहा वर्षं पैसा बाहेर जात राहिला, आणि २०२३ साली ते काढून टाकावं लागलं. महाराष्ट्राच्या मसुद्यात तसं पोटकलम कुठल्याही शब्दांत शिरता कामा नये, न खर्चलेली रक्कम पुढच्या वर्षी त्याच शीर्षाखाली जमा व्हावी, आणि प्रत्येक खात्याने आपला हिशेब दर तिमाहीला जिल्हावार जाहीर करावा, ज्यात लाभार्थी कुटुंबांची संख्या गावनिहाय असेल.